‘टिकेल का?’चा रकाना

अविनाश गेला त्या दुपारी मेधावहिनींचा फोन मी दोनदा कट केला. केंब्रिजच्या ऑफिसात कॅनडाच्या लोकांशी व्हिडिओ कॉल चालू होता, स्क्रीनवर माझे आलेख होते, आणि वहिनींचा फोन म्हणजे नेहमीसारखं जेवायला बोलावणं असणार, नंतर करू, असं मी धरून चाललो. मग मेसेज आला. ‘हे गेले. पिनर स्टेशनच्या जिन्यावर.’ मी तो वाचला आणि समोरच्यांना सांगितलं की अविनाश वारला, तुमचा अविनाश. तिकडे दोघातिघांनी माना खाली घातल्या, ‘सो सॉरी’ झालं, आणि त्यांच्यातल्या एकीने विचारलं, मीटिंग पुढच्या आठवड्यावर ढकलायची का? मी म्हणालो, नको, दोनच स्लाइड राहिल्यात. त्या दोन स्लाइड मी पूर्ण केल्या. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. लेखाची सुरुवात मी मुद्दाम इथून करतोय, कारण दुसरीकडून केली असती तर मी स्वतःला फार चांगला मित्र म्हणून रंगवलं असतं.

आम्ही दोघं नागपूरचे, कॉलेजच्या हॉस्टेलात एका खोलीतले. अविनाश युनिव्हर्सिटीकडून बास्केटबॉल खेळायचा. उंची बेताचीच, पण मैदानावर कोण कुठे उभा आहे आणि पुढच्या क्षणी कुठे असेल हे त्याला कळायचं. मला पास देऊन तो म्हणायचा, “पश्या, तू धावू नको बे, तू फक्त तिथे राहा.” पुढे दोघंही इंग्लंडात आलो, मी केंब्रिजला सॉफ्टवेअरमध्ये, तो लंडनच्या एका बँकेत. पन्नाशीला त्याने बँक सोडली आणि कॅनडातल्या एका संघाचा स्काउट झाला, म्हणजे इंग्लंडभर फिरून त्यांच्यासाठी तरुण खेळाडू हेरायचे. संघाचं नाव मी इथे लिहिणार नाही. मोठ्या लीगमधला तो नव्हेच. आडबाजूचं शहर, वर्षातले पाच महिने बर्फ, आणि सीमेपलीकडे झगमगाट असलेली अमेरिका. त्या संघाचं दुखणं अविनाश तोंडपाठ असल्यासारखं सांगायचा. चांगला खेळाडू आधी तिथे यायलाच तयार होत नाही. आलाच तर पहिल्या हिवाळ्यात बायको नाहीतर मैत्रीण रडायला लागते. कच्चा मुलगा घेऊन दोन वर्षं घासूनपुसून तयार करावा, तर तो नाव झाल्याबरोबर दक्षिणेतल्या उन्हाच्या शहरात उडून जातो. “आपण नर्सरी चालवतो बे,” तो म्हणायचा, “आणि बाग दुसऱ्याची फुलते.” सामने तिकडच्या वेळेनुसार व्हायचे, म्हणून हा सकाळी चहाचा मोठा मग घेऊन रेकॉर्डिंग बघत बसायचा, आणि बास्केट कोणी केला यापेक्षा खेळातून बाहेर काढलेला मुलगा बाकावर एकटा बसलाय का, याकडे त्याचं जास्त लक्ष असायचं.

त्याच्या कामाची रीत ऐकून मी खूप हसायचो. तो चक्क स्थळ बघायला जायचा. मुलगा कोर्टवर पसंत पडला की त्याच्या घरी फोन करायचा, रविवारी येतो म्हणून सांगायचा, आणि वहिनींनी केलेल्या चकल्या डब्यात घालून लीड्स, ब्रिस्टल, जिथे असेल तिथे गाठायचा. घरात बसून चहा घ्यायचा. आई काय करते, आजी कोणाजवळ असते, मुलगा स्वतःचं ताट उचलतो का, सगळं बघायचा. मग वही निघायची. लांबट वही, स्केलने आखलेले रकाने... नाव, उंची, घर, आई काय म्हणाली, आणि सगळ्यांत शेवटी ‘टिकेल का?’ त्या रकान्यात फक्त हो, नाहीतर नाही. आणि नुसती निवड करून हा थांबायचा नाही. त्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळातलं एकेक कुटुंब त्याने प्रत्येक मुलाला जोडून दिलं होतं. सहा फूट आठ इंचांची पोरं कोणा कुलकर्णीकाकूंच्या घरी शनिवारी वरण-भात खायला जायची. जाताना प्रत्येकाला वहिनींनी विणलेली कानटोपी मिळायची. संघाच्या ऑफिसातले लोक याची टिंगल करायचे, आणि खरं सांगायचं तर मीही करायचो. “काय रे, यंदा किती मुली उजवल्या?” असं विचारायचो. तो हसून सोडून द्यायचा.

या रीतीने कॅनडात गेलेल्यांतला केल्विन मला माहीत आहे, कारण त्या खेपेला मीच गाडी चालवत अविनाशला साउथहॅम्प्टनला नेलं होतं. केल्विनची आई तिथे बस चालवते. स्वयंपाकघर एवढंसं, आणि केल्विन दारात वाकून उभा. नेम काही खास नव्हता त्याचा, गुडघा एकदा दुखावलेला. आईने अविनाशला सरळ विचारलं, “माझा मुलगा तिथे आजारी पडला तर त्याच्या दारावर टकटक कोण करेल?” अविनाशने खिशातून कागद काढला, कुलकर्ण्यांचा नंबर लिहिला आणि तिथल्या तिथे फोन लावून तिला काकूंशी बोलायला लावलं. दोघी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या कोण जाणे, पण फोन ठेवल्यावर तिने केल्विनला चहाचे कप धुवायला सांगितले आणि त्याने धुतले. परतीच्या वाटेवर अविनाशने मांडीवर वही घेतली आणि शेवटच्या रकान्यात हो लिहिलं. मी म्हणालो, गुडघ्याचं काय? “गुडघा बरा होते,” तो म्हणाला, “घर बरं नसलं तर कोणी काही करू शकत नाही.” केल्विन आज पाचवं वर्ष त्या संघात आहे. अमेरिकेतून दोनदा बोलावणं आलं, दोनदा तो राहिला.

आता माझी करामत. अविनाशनेच मला म्हटलं होतं, “पश्या, वय झालं बे, सगळीकडे फिरवत नाही. एखादं छोटंसं काहीतरी करून दे, पहिली चाळणी तरी घरी बसून होईल.” मी केलं, एक कॉम्प्युटर मॉडेल. उंची, उडी, नेमबाजी, दुखापती, सगळ्यांचे आकडे टाकले की खेळाडूला गुण मिळणार. शेवटच्या रकान्यापाशी मी अडलो. मी म्हटलं, हे सब्जेक्टिव्ह आहे, हे सोडून देऊ. तो म्हणाला, “अरे, पण तेच तर आहे सगळं.” मी सोडून दिलं. ते मॉडेल त्याने मोठ्या कौतुकाने स्वतःच संघाला दाखवलं, माझ्या मित्राने केलंय म्हणून. त्यांनी आमच्या कंपनीशी करार केला, आणि पुढच्याच मोसमाच्या आधी अविनाशला चार ओळींचा ईमेल पाठवला की यापुढे घरोघरच्या भेटींची गरज उरलेली नाही. हा ईमेल जाणार हे मला दोन आठवडे आधी माहीत होतं. मी त्याला सांगितलं नाही. कॉन्फिडेन्शियल होतं, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि आज लिहिताना त्या शब्दाची किळस येते. मजा म्हणून मी एकदा केल्विनचे जुने आकडे त्या मॉडेलमध्ये घातले होते. तो तळाला आला, घेऊ नये असा शेरा पडला. हेही मी कोणाला सांगितलं नाही. मॉडेलने निवडलेले तिघं त्या वर्षी गेले, त्यातला एक पहिला बर्फ पडताच परतला आणि उरलेले दोघं मोसम संपताच अमेरिकेत पळाले. मीटिंगमध्ये संघाचे लोक म्हणाले, टॅलेंट टिकवणं हा आमच्यापुढचा स्ट्रक्चरल चॅलेंज आहे. मी मान डोलावली.

ईमेलनंतर आठ महिने अविनाश जगला. त्या आठ महिन्यांत मी पिनरला त्याच्या घरी एकदाही गेलो नाही. ट्रेनने फार तर दोन तासांचा रस्ता. त्याचे फोन यायचे, आवाजात राग नसायचा, आणि त्याचाच मला त्रास व्हायचा. शिव्या घातल्या असत्या तर मी धावत गेलो असतो. “येतो का रविवारी? मेधाने भरली वांगी केली,” एवढंच म्हणायचा. मी म्हणायचो, या महिन्यात जरा पॅक आहे रे. शेवटचा फोनही तसाच होता... तो म्हणाला, “बरं, पुढच्या रविवारी बघ.”

अंत्यसंस्काराला साउथहॅम्प्टनहून केल्विनची आई आली, रजा टाकून, काळ्या कोटात. माझ्याशिवाय तिला कोणी ओळखत नव्हतं, तरी घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि कप विसळायला लागली. संघाकडून फूलही आलं नाही. तीन आठवड्यांनी मात्र मला ईमेल आला. अविनाशकडे काही हस्तलिखित नोंदी असल्याचं कळतं, मॉडेलसाठी त्या उपयोगी पडतील, कुटुंबाशी तुम्ही बोलाल का? मी तो ईमेल घेऊन पिनरला गेलो. म्हणजे अंत्यसंस्कारानंतर त्या घरी पुन्हा गेलो तोही त्यांच्या कामासाठी.

वहिनींनी ईमेल दोनदा वाचला. चष्मा काढला. “भाऊजी, हे लोक कधी आपल्या घरी आलेत का?”

“नाही.”

“मग त्यांना लिहा, आधी घरी या. बसा, चहा घ्या. वह्यांचं मग बघू. ह्यांनी आयुष्यभर तेच केलं ना? मग आमच्याही घरी यायला हवं कोणीतरी.”

मी लिहिलं. त्याच दिवशी उत्तर आलं, गुरुवारी चार वाजता अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल चालेल का? पुढच्या रविवारी ते उत्तर मी वहिनींना वाचून दाखवलं. त्या उठल्या, साइडबोर्डचा ड्रॉवर उघडला. वर एक अर्धवट विणलेली निळी कानटोपी होती, सुया तशाच. ती बाजूला करून त्यांनी शेवटची वही काढली, कोरं पान उघडलं, अविनाशचीच स्केल घेऊन रकाने आखले आणि पहिल्यात संघाचं नाव लिहिलं. उंची, घर, आई काय म्हणाली, सगळं मोकळं सोडलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं, नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, “वहिनी, माझंही लिहा त्याच्याखाली.”

“तुमचं ह्यांनीच लिहून ठेवलंय,” त्या म्हणाल्या आणि चार पानं मागे उलटून वही माझ्यापुढे सरकवली. वर तारीख होती, तो चार ओळींचा ईमेल आला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. पश्या. केंब्रिज. उंचीच्या जागी त्याने ‘बेताची’ लिहिलं होतं, तो वात्रटपणा तिथेही सुटला नव्हता. आणि ‘टिकेल का?’च्या रकान्यात, जिथे त्याने कधीही हो किंवा नाहीशिवाय काही लिहिलं नाही, तिथे लिहिलं होतं, ‘येईल.’

“त्या ईमेलचं तुम्हाला आधीपासून माहीत होतं, हे ह्यांना ठाऊक होतं,” वहिनी म्हणाल्या. “दर रविवारी एक कप जास्त ठेवायला सांगायचे.” मग त्या चहा टाकायला उठल्या. मी वही मिटवून ड्रॉवरमध्ये ठेवली, वर कानटोपी ठेवली. आतून त्यांनी विचारलं, साखर किती घेता हो तुम्ही, विसरले मी. मला रडू आलं होतं. दीड चमचा, असं मी शेवटी सांगितलं.