मावशीचा भाऊ निवडणुकीत पडला तेव्हा

नेपरव्हिलमध्ये आमच्या शेजारी जी मावशी राहते, ती घानाची आहे. आमचं रक्ताचं काही नातं नाही. लेक लहान होती तेव्हा मी आणि नवरा दोघंही सकाळच्या ट्रेननं शिकागो गाठायचो, आणि दुपारी स्कूल बसमधून उतरणाऱ्या आमच्या पोरीला घ्यायला ही दारात उभी असायची. ती हॉस्पिटलात नर्स, ड्यूटी रात्रीची. म्हणजे स्वतःची झोप मोडून उभी असायची. लेकीनं आपणहून तिला मावशी म्हणायला सुरुवात केली. आता गल्लीतले गोरे आजोबासुद्धा तिला मावशी म्हणतात, आणि त्यांना वाटतं ते तिचं नावच आहे.

मी नागपूरची, माझा आवाज मोठा. तिचा माझ्याहून मोठा. पहिल्याच वर्षी मी कौतुकानं नेलेला ठेचा तिनं चाखला, "हे तिखट नाही" असं तोंडावर सांगितलं, आणि सुकी मासळी घातलेली तिच्या घरची काळी चटणी माझ्यापुढे ठेवली. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि ती पोट धरून हसली. तेव्हापासून आमचं जे जमलं ते जमलं.

या मावशीचा धाकटा भाऊ तिकडे खासदार होता. त्यांच्याच गावच्या मतदारसंघातून दोनदा निवडून आलेला, सत्ताधारी पक्षाचा. तिनंच त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं, इथून रात्रपाळ्या करून शिकवलेलं. तो तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा मला तिच्याहून जास्त उत्साह. कुंपणाशी भेटली की मी विचारायची, "काय गं, येणार ना निवडून?"

"ते त्याचं तो बघेल," ती म्हणायची. "पडला तर 'पडलो' असं म्हणतो का, ते मला बघायचंय."

मला हे काही झेपायचं नाही. कोणती बहीण भावाच्या पडण्याचा विचार आधी करते? मग तिनं एकदा नीट सांगितलं. या खेपेला वारं सरकारच्या विरोधात होतं. भावाच्या मागे गावातली तापट पोरं होती, आणि आपला माणूस पडूच शकत नाही असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. निकालाच्या दिवशी तो एक शब्द वाकडा बोलला असता, तर बाजारपेठ पेटली असती. तिची म्हातारी आई त्याच बाजाराच्या मागे राहते.

आमच्या घरी चहाला आली असताना माझ्या नवऱ्यानं नको तिथे तोंड उघडलं. म्हणाला, "तुमच्याकडे ते लष्करबिष्कर मध्ये येत असेल ना?" मी टेबलाखालून पाय मारला, पण उशीर झाला होता.

"यायचं," मावशी म्हणाली. "माझ्या लहानपणी यायचं. आता सरकारं मतांनी येतात आणि मतांनी जातात. एकदा नाही, कितीतरी वेळा. हरलेला अध्यक्ष जिंकलेल्याच्या शपथविधीला जाऊन बसतो. आपण राहतो त्या देशाचं तू मला सांग."

नवऱ्यानं मुकाट्यानं बशीतलं बिस्किट उचललं. मला मनातून असा आनंद झाला म्हणून सांगू!

मतदान डिसेंबरातल्या एका शनिवारी होतं. तिकडे जाऊनच मत द्यावं लागतं, म्हणून मावशीला मत नव्हतं. पण सकाळपासून तिच्या घरी जत्रा. वेळेचा फरक असा की तिकडची संध्याकाळ म्हणजे आमच्याकडे दुपारच्या जेवणाच्या आधीची वेळ. मी साबुदाणा वडे तळून नेले. सोफ्यावर तिची एक चर्चमधली मैत्रीण बसली होती, जॉलोफ भाताचं भलंमोठं पातेलं घेऊन आलेली. बाई विरोधी पक्षाची, तीही कट्टर. मी मावशीला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "हिला कशाला बोलावलंस आज?"

"मग कोणाबरोबर बघू?" ती म्हणाली. "एकट्यानं निवडणूक बघण्यात काय मजा?"

गावातली तिची चुलत बहीण फोन घेऊन एका शाळेच्या पटांगणात उभी होती आणि ते चित्र मावशीनं टीव्हीवर लावलं होतं. मतदान संपलं होतं. एका झाडाखाली टेबल, त्यावर पेटी, भोवती दोरी, आणि दोरीच्या पलीकडे अख्खं गाव. मला वाटलं आता पेटी गाडीत घालून नेतील. छे! तिथेच फोडली. एक अधिकारी बाई एकेक मतपत्रिका उलगडायच्या, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरायच्या, चहूकडे फिरवून दाखवायच्या. आणि ती ज्याच्या नावची असेल त्याच्या गठ्ठ्यावर ठेवताना अख्खं गाव एका सुरात आकडा ओरडायचं. एक! दोन! तीन! बायका, म्हातारे, पाठीला पोरं बांधलेल्या आया, सगळे. शाळेत पाढे म्हणतात तसं चाललं होतं.

मी उभी राहिले आणि मीपण ओरडायला लागले. मला ना मत, ना त्या देशाशी देणंघेणं. पण मोजायला लागलं की थांबवत नाही हो. आम्ही तिघी सोफ्यापुढे उभ्या राहून ओरडतोय आणि बाहेर बर्फ पडतोय.

त्या पटांगणात भाऊ पुढे निघाला. पाठोपाठ दुसऱ्या केंद्रावरूनही तसाच निरोप आला. मग मला कोण धरणार? कोट चढवला, गाडी काढली, इंडियन स्टोअरमध्ये जाऊन पेढ्यांचा मोठा डबा घेऊन आले. आमच्याकडे पहिल्या फेरीलाच गुलाल उडतो. निकाल काय, मागून येतो. दारातूनच ओरडले, "तोंड उघड, भाऊ आला निवडून!"

मावशीनं माझ्या हातातून डबा घेतला, झाकण दाबून बसवलं आणि फ्रिजवर ठेवून दिला. "अजून केंद्रं बाकी आहेत," ती म्हणाली. "आणि त्याचं बोलणं बाकी आहे." विरोधी पक्षाची ती मैत्रीण तोंडावर रुमाल धरून हसत होती. मला असा राग आला तिचा!

पण खरंच बाकी होतं. चुलत बहीण आता दुसऱ्या शाळेत गेली होती. ही भावाची स्वतःची शाळा, तो तिथेच शिकलेला. इथे तर गठ्ठा त्याचाच व्हायला हवा. पण बाई मतपत्रिका वर धरत होत्या आणि बघता बघता समोरच्याचा गठ्ठा वाढत चालला. मी मोजायची थांबले. मैत्रीणही गप्प झाली, तिला माझ्यासमोर संकोच वाटला असावा. आणि मावशी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

"बघ," तिनं मला जवळ बोलावलं. "ही पुढची पोरं बघ. टी-शर्टवर कोणाचा फोटो आहे?"

तिच्या भावाचाच फोटो होता. छातीवर त्याचा चेहरा घेतलेली ती पोरं समोरच्या उमेदवाराची मतं मोठ्यानं मोजत होती. तोंडं पडलेली, एकाच्या डोळ्यांत तर पाणी, पण आकडा चुकू देत नव्हती. अगदी शेवटच्या कागदापर्यंत. मी आयुष्यात खूप निकाल पाहिलेत बाप्पा, पण हरणाऱ्यांनी स्वतःच्या तोंडानं स्वतःची हार मोजलेली कधी पाहिली नव्हती.

दुपार कलायला आली तेव्हा सगळ्या केंद्रांची बेरीज होत होती. फरक थोडा होता, पण होता. आणि मग भावाचा फोन आला. मावशीनं स्पीकर लावला. तो निम्मं इंग्रजीत आणि निम्मं त्यांच्या ट्वी भाषेत बोलत होता. जे कळत नव्हतं ते ती मैत्रीण माझ्या कानात सांगत होती. बेरीज चालली होती त्या इमारतीबाहेर त्याची माणसं जमली होती. कार्यकर्ते म्हणत होते की पेट्या बदलल्या, साहेब, तुम्ही फक्त एवढं बोला की आम्हाला निकाल मान्य नाही, बाकीचं आम्ही बघतो. आणि त्यालाही आता तसंच वाटायला लागलं होतं.

मला राहवलं नाही. "फेरमोजणी मागा म्हणावं!" मी ओरडले. "सोडू नका! मी असते तर रस्त्यावर बसले असते!"

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खालीच बसले. मग ती फोनकडे वळली. इतकी वर्षं तिचा आवाज ऐकतेय, पण एवढा खालच्या पट्टीतला कधी ऐकला नव्हता.

"तुझ्या शाळेच्या मोजणीला तू होतास?"

"होतो."

"तोंडानं मोजलंस?"

"पण पेट्या..." तो म्हणायला लागला.

"मी मोजलं," ती म्हणाली. "इथून, बर्फातून मोजलं. तुझी पोरं मोजत होती, तुझा फोटो छातीवर घेऊन. पेटी तिथेच फुटली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांनी जे स्वतःच्या तोंडानं मोजलं ते खोटं होतं, असं तू त्यांनाच सांगणार? ऐकतील ते. तुझ्यावर जीव आहे त्यांचा, ऐकतील. आणि मग पुढच्या वेळी त्या पटांगणात मोजायला कोणी येणार नाही."

पलीकडे गर्दीचा आवाज येत होता. मग त्यानं "ताई" की काय ते त्यांच्या भाषेत म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

आता तो काय करणार, हे आम्हा तिघींपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मैत्रीण डोळे मिटून प्रार्थना करायला लागली. मावशी उठली आणि सिंकमधली भांडी घासायला लागली, स्वच्छ घासलेली भांडीसुद्धा पुन्हा. मी पुसून देत होते. माझ्या मनात सारखी ती बाजारामागची म्हातारी येत होती.

चुलत बहिणीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मावशी ओल्या हातांनीच धावली. चित्र हलत होतं, अंधार होता, गाड्यांच्या दिव्यांचा उजेड. भाऊ एका पिकअप ट्रकच्या मागच्या भागात चढून उभा होता. घामानं शर्ट भिजलेला. खालून पोरं त्याच्या नावानं घोषणा देत होती. त्यानं हात वर केला तरी थांबेनात. मग तो मोठ्यानं बोलला आणि मावशीनं एकेक वाक्य मला सांगितलं.

"मी हरलो. तुम्ही मोजलंत. मीपण मोजलं. मी आत्ताच जिंकलेल्या उमेदवाराला फोन करून त्यांचं अभिनंदन केलंय. उद्या सकाळी त्यांच्या घरी जाणार आहे. ज्याला माझ्याबरोबर यायचंय त्यानं अंघोळ करून यावं. आता घरी जा."

खालून कोणीतरी चिडून काहीतरी फेकलं, ते ट्रकवर आपटलं. तो हलला नाही. "घरी जा," तो परत म्हणाला, बापानं पोरांना म्हणावं तसं. मग एकानं टाळी वाजवली. मग थोड्या वाजल्या. खूप नाही, पण वाजल्या. आणि गर्दी पांगायला लागली.

विरोधी पक्षाची ती मैत्रीण उठली आणि तिनं मावशीला गच्च मिठी मारली. तिचा माणूस जिंकला होता, पण रडत होती तीच. मी काय, मी तर ओक्साबोक्शी. फ्रिजवरचा डबा मावशीनंच काढला आणि पहिला पेढा तिनं त्या मैत्रिणीला भरवला. मला त्या घटकेला तिचा एवढा अभिमान वाटला की ऊर भरून आला. तिचा, तिच्या भावाचा, त्या अधिकारी बाईंचा, रडत मोजणाऱ्या त्या पोरांचा. आपल्या माणसांचा वाटतो तसाच वाटला.

मी कोट घालायला लागले तर मावशी म्हणाली, "थांब जरा. तो आईकडे पोचू दे." चुलत बहीण त्याच्याच गाडीत होती, फोन चालूच होता. वाट बघताना मावशीनं मला ते सांगितलं, जे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तिचे वडीलही निवडून आलेले होते, त्याच गावातून. लष्करानं सत्ता घेतली त्या दिवशी संसद बरखास्त झाली. वडील राजधानीतून गावाकडे निघाले होते, आईला निरोप आला होता की जेवायला येतो. वाटेतच सैनिकांनी गाडी अडवली. ते तुरुंगात आजारी पडले आणि तिथेच गेले. भाऊ तेव्हा एवढासा होता.

"म्हणून तुला 'पडलो' ऐकायचं होतं," मी म्हणाले.

"मला तो घरी यायला हवा होता," ती म्हणाली.

फोनवर दार उघडलं. आत पिवळा दिवा, टेबल, त्यावर झाकून ठेवलेलं जेवण, आणि खुर्चीत बसलेली तिची आई. मतदानाची शाई बोटाला तशीच. भाऊ आत आला आणि दारातच उभा राहिला, शाळेत नापास होऊन आलेल्या पोरासारखा. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, हळूच काहीतरी म्हटलं, आणि माझ्या शेजारी मावशी एवढ्या मोठ्यानं रडली की मी घाबरले.

"काय म्हणाली? अगं, काय म्हणाली ती?"

मावशी रडतच होती. मग मैत्रिणीनंच सांगितलं. म्हातारी म्हणाली होती, "तुझ्या वडिलांची खुर्ची गेली तेव्हा ते जेवायला आले नाहीत. तू आलास. बस."

त्यानं कोपऱ्यातल्या बादलीतल्या पाण्यानं हात धुतले आणि तो जेवायला बसला.