दिवाळीपर्यंत पाहू

लोक माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलतात. हिला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं, की ऐकू आलं तरी कळत नाही असं वाटतं, ते त्यांनाच ठाऊक. मला ऐकूही येतं आणि कळतंही. बोलायला वेळ लागतो, कारण जीभ जड आहे. मला डाउन सिंड्रोम आहे. पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते. आमच्या संघटनेचं पत्रक काढतो तेव्हाही मुद्दा वरच लिहितो. खाली लिहिला की लोक तिथपर्यंत येत नाहीत.

आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत होती. तिथं काही प्रश्न आला नाही, सगळे ओळखीचे. पाचवीला मोठ्या गावच्या हायस्कूलात जायचं होतं, मुलींच्या निळ्या बसनं. बाबा मला घेऊन हेडसरांच्या खोलीत गेले. मी बाबांना चिकटून उभी होते. हेडसर बाबांशी बोलले.

"मी नाही म्हणून नाही राह्यलो. सरकार म्हणते घ्या, त घेतो. पण हिच्याकडं लक्ष कोण देईन? पडली, हरवली, कोण्या पोरानं काही केलं, त नाव शाळेचं खराब होते. अकोल्याच्या बाजूनं अशा लेकरायची शाळा आहे, राहाची सोय आहे. तिथं टाकून द्या न."

टाकून द्या. कोपऱ्यात पोतं टाकतात तसं.

बाबा खाली बघत म्हणाले, "हिले घरूनच येणं-जाणं करून शिकवावं म्हणतो, सर."

"बरं. दिवाळीपर्यंत पाहू. पण एक जरी तक्रार आली, त मंग मले काही म्हणू नोका."

त्या वर्षी पाचवीत आलेल्या दुसऱ्या कोणत्या मुलीला कुणी 'दिवाळीपर्यंत पाहू' म्हणालं होतं? कुणालाच नाही. कायद्यात तसा शब्दच नाही, मी आता वाचून घेतलाय. पण तेव्हा मला त्या बोलण्यातलं फक्त 'तक्रार' आणि 'अकोला' ऐकू आलं. अकोला म्हणजे माझ्यासाठी हृदयाची तपासणी. छातीवर गार चिकट काहीतरी लावत आणि आईला दाराबाहेर ठेवत. राहायची सोय म्हणजे ते दार रोज लागणार, असं मी समजले.

मग मी घाबरूनच शाळेत जायला लागले. बसमध्ये मुली खिडकीतून ओढण्या टाकून जागा धरत. मी दांड्याला धरून उभी राहायची, कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून. पाय पडला तर तक्रार. मी शाळेत लघवीला जात नव्हते. तिथली कडी मला लागायची नाही, आणि कडी न लावता गेलं तर तक्रार. पाणीच पीत नव्हते. जिना चढायचे, उतरताना मात्र भिंतीला दोन्ही हात लावायचे. माझ्यामागे मुलांची रांग अडे. मागून कुणीतरी ओरडे, "अबे चाल न!" त्यालाच तक्रार म्हणतात का, हे मला कळत नव्हतं. विचारायचं कुणाला?

बाकावर माझ्या शेजारी जी बसायची, तिच्या वडिलांचं बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान होतं. अर्ध्या शाळेचे युनिफॉर्म तेच शिवत. ती माझी मैत्रीण दयेनं झाली नाही. पहिल्या दिवशी उशिरा आली आणि माझ्याजवळचीच जागा रिकामी होती, म्हणून झाली. "थोडी खिसक," एवढंच म्हणाली आणि माझ्या डब्यातली मिरचीची भाजी खाऊन टाकली.

दिवाळी जवळ आली आणि परिपाठ आमच्या वर्गाकडे आला. परिपाठ म्हणजे सकाळी शाळेसमोरच्या ओट्यावर चढून एकानं सुविचार सांगायचा, एकानं बातम्या, एकानं प्रतिज्ञा. हजेरीच्या नंबरानं पाळी. आमच्या वर्गाच्या मॅडमनी आदल्या दिवशी उद्याचे नंबर सांगितले आणि माझा गाळून पुढचा घेतला. मला बरंच वाटलं.

पुढचा नंबर माझ्या मैत्रिणीचा होता. ती उभी राहिली. "मॅडम, हिचा राह्यला."

"असू दे गं."

"असू दे कसं? मंग माझा उद्याच येते न! मी काही तयारी नाही केली."

वर्ग हसला. मॅडम वैतागल्या. मला म्हणाल्या, "तू म्हणशील प्रतिज्ञा?"

मी घाबरले की माझी मान हलते. लोकांना ते 'हो' वाटतं.

प्रतिज्ञा मला येत होती. विहारात दर रविवारी वंदनाही मी सगळ्यांसोबत म्हणायचे. पण ते मागून म्हणणं. पुढून म्हणायचं म्हणजे आपण एक तुकडा म्हणायचा, मग सगळी शाळा हात पुढे करून तोच तुकडा म्हणणार. संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी तुकडा म्हणायचे, ती मागून म्हणायची. तिच्या पुढे सगळं आलं.

सकाळी ओट्यावर चढले. खाली सगळे हात माझ्याकडे ताणलेले. माइक चालू होता. पहिला तुकडा म्हणाले. केवढा तरी मोठा आवाज परत आला. दुसरा, तिसरा. पुढचा आलाच नाही. डोक्यात कुठंच नव्हता. हात तसेच ताणलेले. माझ्या तोंडून निघालं, "थांबा, मले आठवू द्या."

आणि अख्खी शाळा म्हणाली, "थांबा, मले आठवू द्या!"

दहावीचेसुद्धा. हात पुढे, नजर समोर. त्यांची चूक नाही. वर्षानुवर्षं सकाळी तेच करतात, पुढून जे येईल ते मागून म्हणायचं. पण मला वाटलं, मला वेडावताहेत. मी म्हणाले, "कायले ओरडता?"

"कायले ओरडता!" शाळा म्हणाली.

मग मागच्या रांगेत कुणाच्या तरी लक्षात आलं. हसू फुटलं ते पुढपर्यंत आलं. मी ओट्यावर खालीच बसले. उतरायच्या पायऱ्या दिसत होत्या, पण पाय उचलेनात. तक्रार म्हणतात ती हीच.

बाबांना फोन गेला. सोयाबीनची काढणी चालू होती. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आले, अंगावर भुसा तसाच. हेडसर म्हणाले, "पाहा, मी म्हटलं होतं का नाही? प्रतिज्ञेचा तमाशा झाला."

बाबांनी हात जोडले. "चुकलं सर."

कुणाचं चुकलं? काय चुकलं? आज मी तिथं असते तर बाबांचे हात धरून खाली केले असते. तेव्हा मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते आणि माझे कपडे कोणत्या पिशवीत भरतील, एवढाच विचार करत होते.

माझं दप्तर घेऊन मैत्रीण दारात आली होती. जा म्हटलं तरी जाईना. म्हणाली, "सर, मांगच्या हप्त्यात नववीच्या दादानं अर्धी प्रतिज्ञा गिळली. त्याच्या बाबाले कुठं बलावलं? त्याले त दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायले लावलं. हिले बी लावा न सजा."

"तू बाहेर हो आधी!"

मी मनात म्हणत होते, गप बस वं माय. अकोला नको होतं आणि ओटाही नको होता.

मॅडम तिथंच होत्या. हळूच म्हणाल्या, "सर, नियम तोच आहे. जो चुकेल त्यानं उद्या पुन्हा."

"आणि उद्याही चुकली त?"

"तर परवा. त्यालाही आपण तसंच लावलं."

 हेडसर माझ्याकडे वळले. त्या खोलीत ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "म्हणशीन का वं उद्या?"

'हो' म्हणायला मला वेळ लागला. ते थांबले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच जागी अडकले. पहिल्या रांगेतून मैत्रिणीनं शब्द पुरवला. तो सगळ्यांनाच ऐकू आला. मी प्रतिज्ञा संपवली आणि भिंतीला धरून उतरले. टाळ्या पडल्या नाहीत. सभेत मी हे सांगते तेव्हा लोकांना टाळ्या हव्या असतात. ही पोरगी किती हुशार निघाली, असं ऐकायचं असतं. आणि मला म्हणताच आली नसती, तर? मग अकोल्याला टाकायचं? शाळा काय बक्षीस आहे, जिंकेल त्याला द्यायला?

 हेडसर त्या दिवशी राहा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. दिवाळीची सुट्टी मी तशीच काढली. आईनं माझे कपडे पिशवीत भरले तेव्हा मी माजघराच्या दाराला घट्ट धरून बसले. "मामाकडं जाऊन राह्यलो बाप्पा, किन्हीराजाले!" ती म्हणत राहिली. मामाचं घर दिसेपर्यंत माझा विश्वास बसला नाही.

सुट्टी संपली. निळी बस आली, मी चढले. हेडसर फाटकातच उभे होते. मी खाली मान घालून निघाले.

"ए! इकडं ये."

मी दप्तर पोटाशी धरून पुढे झाले.

"वेण्या कुठं आहेत? रिबिनी? मामाच्या घरी आली काय? तिकडं भिंतीपाशी उभी राह्य."

गेले. भिंतीपाशी मोकळ्या केसांच्या आणखी मुली उभ्या होत्या. त्यांतली एक माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सरक न वं जराशी. मले बी सावलीत येऊ दे."

मी सरकले.