बोरोबुदुरचा नियम

आईला क्रूझ मुळीच आवडली नाही. जेवणाच्या हॉलमध्ये लोक ताटात डोंगर रचतात आणि निम्मा तसाच टाकून उठतात, हे बघून ती दोन दिवस शेजारच्या टेबलांवर वर्गातल्या मुलांवर वटारायची तसे डोळे वटारत होती. ती आली होती एकाच गोष्टीसाठी. सिंगापूरहून निघालेलं ते जहाज तिसऱ्या दिवशी जावा बेटाला लागणार होतं आणि तिथून बसनं आम्हाला बोरोबुदुरच्या प्राचीन बौद्ध स्तूपाकडे नेणार होते. नागपुरातल्या आमच्या विहारात बोरोबुदुरचा एक जुना फोटो आहे. दर रविवारी वंदनेला बसली की तो तिच्या समोर असतो.

जहाज मी निवडलं नव्हतं. सिंगापुरातल्या आमच्या कॉन्डो सोसायटीतल्या तीन मराठी कुटुंबांचा बेत होता. त्यात मी, माझी आठ वर्षांची मुलगी आणि तीन महिन्यांसाठी आलेली आई अशा आम्ही घुसलो. ही मंडळी पुण्या-मुंबईची, चांगी बिझनेस पार्कात माझ्यासारखीच बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळणारी, मनानं चांगली. गणपतीत मला आरतीला बोलावतात, मीही मोदक घेऊन जाते. माझं आडनाव असं आहे, की ऐकणारा त्यातून हवं ते समजून घेतो. त्यांनी काय समजून घेतलंय, ते मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. ते मी सहा वर्षं तसंच राहू दिलं. आम्ही बौद्ध आहोत का, हे कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही, अशी मी माझी समजूत घालत आले. विचारलं असतं तर मी काय केलं असतं, तेही मला ठाऊक आहे.

त्या सकाळी केबिनमध्ये आईनं बॅगेच्या तळातून पांढरी साडी काढली. इस्त्री करून, टॉवेलात गुंडाळून आणलेली. आमच्यात वंदनेला बायका पांढरीच नेसतात, आणि महाराष्ट्रातल्या माणसाला ती बघून पुढचं काही विचारावं लागत नाही.

"आई, आज नको. उंच पायऱ्या आहेत, पाय अडकेल. ड्रेस घाल ना."

"तीस वर्षं साडी नेसून शाळेचे जिने चढले मी."

"बसमध्ये सहा तास जाणार. मळेल गं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग साडी परत टॉवेलात गुंडाळली आणि निळा ड्रेस घातला. तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं. भांडणात मी पटाईत आहे.

बसमध्ये छातीवर नंबरांचे स्टिकर लावून बसवलं. जायला तीन तास, तिथं जेमतेम दीड, आणि उशीर झाला तर जहाज थांबणार नाही, ही धमकी मधूनमधून. वरपर्यंत मोजक्याच लोकांना सोडतात. दगड झिजू नयेत म्हणून पायात विणलेल्या चपला देतात. आईनं त्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि गुडघे दुखत असूनही माझा हात न धरता ती चढली.

वर जाळीदार दगडी स्तूप आहेत, आणि आत बुद्ध बसलेले. आईनं एका जाळीतून आत पाहिलं, हात जोडले आणि वंदना म्हणायला लागली. मोठ्यानं. शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. आमची मंडळी पाच पावलांवर होती. शेजारच्या ब्लॉकमधली माझी मैत्रीण मोबाइल धरून व्हिडिओ घेत होती. मी आईचं कोपर धरलं.

"आई, मोठ्यानं नको. इथं परवानगी नाही. नियम आहे."

नियम नव्हता. मी तो तिथल्या तिथं तयार केला. आई अर्ध्या शब्दावर थांबली. जन्मभर नियम पाळलेली बाई. ती थेट आमच्या गाइडकडे गेली. पन्नाशीची जावानीज बाई होती ती. आई तिला जपून जपून म्हणाली, "सॉरी मॅडम. आय डिड नॉट नो द रूल."

"व्हॉट रूल?" गाइड गोंधळली. "नो, नो. प्लीज प्रे."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागच्या मंडळींकडे. मुलांची खोटी कारणं ऐकण्यात तिचं आयुष्य गेलेलं, तिला तेवढं पुरलं.

तेवढ्यात मैत्रीण जवळ आली. "काकू, किती सुंदर म्हणत होतात! पाली ना ही? कुठं शिकलात?"

सांगायची लाज वाटते, पण मी आईला डोळ्यांनी विनवलं.

"शाळेत होते ना मी," आई म्हणाली. "मुलांना शिकवायला लागतं कधी कधी."

माझ्या लहानपणी भाड्याचं घर बघायला गेलं की आई दारातच सांगायची, "आम्ही बौद्ध आहोत. चालत असेल तर किल्ली द्या." त्यापायी दोन घरं हातची गेली. तरी तिनं ते वाक्य कधी बदललं नाही. ते तिनं माझ्यासाठी, सहलीला आलेल्या चार लोकांसमोर, गिळलं.

"आई, म्हण ना उरलेलं," मी नंतर म्हटलं.

"झालं माझं." मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "एवढी का घाबरून राहिली गं तू?"

सिंगापूरला उतरल्यावर मेट्रोमध्ये लेकीनं तिच्या सिंगापुरी इंग्रजीत मोठ्यानं विचारलं, "ममा, गाइड आंटी से कॅन, व्हॉट! व्हाय यू टेल आजी कॅनॉट?"

"आजीला दम लागला होता, बाळा," आईनंच उत्तर दिलं.

मैत्रिणीनं तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. चौदा सेकंद आईचा आवाज, मग उजवीकडून माझा हात येतो आणि आवाज थांबतो. खाली सगळ्यांनी बदाम टाकले होते. आईनं तो माझ्याकडून मागून घेतला. आठवड्याभरानं ती नागपूरला परत गेली, साडीची घडीही न मोडता.

पुढच्या रविवारी तिनं विहारातून व्हिडिओ कॉल लावला. तीच साडी नेसली होती. चार-पाच मावश्या फोनवर वाकल्या होत्या. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला होता.

"काय बेटा," एका मावशीनं विचारलं, "तिथं मोठ्यानं म्हणू देत नाहीत म्हणे? बुद्धाच्याच जागी? तुझी आई म्हणते, नियम आहे."

लेक खाली खेळायला गेली होती, फ्लॅटमध्ये मी एकटीच होते. दार बंद होतं. कॉन्डोतलं कुणीही ऐकणार नव्हतं. खरं सांगायला याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती.

"हो मावशी," मी म्हटलं. "नियम आहे तिथला."

"बघा," आई म्हणाली. "सांगत होते ना मी."