चोराची बाजू

सासूबाई तीन महिन्यांसाठी हॅम्बर्गला आल्या, पण माझी सात वर्षांची मुलगी त्यांच्याशी जर्मनमध्येच बोलायची. मराठी तिला कळायचं, बोलायचा मात्र कंटाळा. पहिला आठवडा हातवाऱ्यांवर गेला आणि सासूबाई हिरमुसल्या.

मग दोघी संध्याकाळी एक जपानी कार्टून बघू लागल्या. त्यातला खलनायक म्हणजे एक जाडा बोका. रोज नवं यंत्र बनवून तो शाळेतल्या मुलांचे डबे पळवायचा आणि शेवटी चिखलात पडायचा.

“बिचारा! घरी कोणी डबा देत नसेल,” सासूबाई एकदा म्हणाल्या.

“नाइन! नाही! आजी, तो चोर आहे! तो सगळ्यांची डबा चोरतो!” मुलगी किंचाळली.

“यंत्रं किती छान बनवतो पण. इंजिनिअर असणार.”

“तो वाईट आहे! तू नीट बघ ना!”

अख्खा भाग संपेपर्यंत दोघी मराठीत भांडल्या. मुलगी पाणी प्यायला गेली तेव्हा मी हळूच म्हणाले, “अहो आई, तो खरंच खलनायक आहे.”

“मला दिसत नाही होय? तू मध्ये पडू नकोस,” त्या कुजबुजल्या. “उद्या त्याला मी निवडणुकीला उभा करणार आहे.”