न शिजलेली डाळ

कुकरच्या शिट्टीबरोबर तुरीच्या डाळीचा वास घरभर पसरला, की मला पूर्णाकाठचं आत्याचं गाव आठवतं. त्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी इतकं खारं, की डाळ शिजत नसे. म्हणून उन्हाळ्यात बाया कोरड्या नदीच्या वाळूत झिरा खणायच्या आणि तळाशी साचणारं गोड पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायच्या. आत्याच्या मुलीच्या लग्नालाही तेच आणलं होतं. पण लग्नाआधीच्या हिवाळ्यात ट्रकांनी नदीतली वाळू खरवडून नेली होती, आणि झिरा पार खालच्या काळ्या मातीत खणावा लागला होता. लग्नाच्या दिवशी सकाळपासून चुलाणावर डाळ रटरटत होती. आचारी लाकडं सारून सारून घामाघूम झाला, तरी दाणा टणकच. शेवटी तो आत्याला म्हणाला, "बाई, पाणी विहिरीचं भरलं का?" "नाही बाप्पा, झिऱ्याचंच हाय. मीच भरलं." "मंग शिजून काहून नाही राहिली?" झिऱ्याचं पाणी गोडच असायचं, म्हणून ते कोणी चाखून पाहत नसे; त्या दिवशीही कोणी चाखलं नव्हतं. आत्यानं घागरीतलं घोटभर तोंडात घेतलं. मांडवात पाहुणे होते, म्हणून ती थुंकली नाही; गिळून तिनं नदीकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "नदी बी खारी झाली." बाहेर बँड वाजतच होता. आता मी अकोल्यात राहते, नळाला धरणाचं गोड पाणी येतं. तरी कुकर उघडला की आधी डाळीचा एक दाणा बोटांत चेपून पाहते. काल तो चेपला नाही.