सूर्यमाळच्या भिंतीवरचे चार विसावे

‘हवामान बदल, वारली चित्रांतून’ असं निमंत्रण आलं आणि मी हुरळले. नाशिकच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. २००८ चा मे महिना, शाळेला सुट्टी आणि एका संस्थेला दोन दिवसांसाठी स्वयंसेवक हवे होते. म्हटलं, मोखाड्याजवळचं थंड हवेचं सूर्यमाळही बघून होईल. तुम्हीही त्या बाजूला जायचा विचार करत असाल तर जरूर जा. फक्त माझ्यासारखं कुणाचं बोट धरून जाऊ नका.

नाशिकहून सकाळची जव्हारची एसटी पकडायची. त्र्यंबक मागे पडलं की तोरंगणचा घाट, मग मोखाडा. तिथून खोडाळ्यापर्यंत जीप, आणि ती गच्च भरल्याशिवाय हलत नाही. खोडाळ्यात वडा-चहा पोटात ढकलून घ्या, कारण पुढे सूर्यमाळपर्यंत हॉटेल नाही, मोबाइलची रेंजही नाही. पिण्याचं पाणी खालूनच न्या. मे महिन्यात वरच्या पाड्यांवर कुणाच्या दारात पाणी मागायची लाज वाटते आणि ती वाटायलाच हवी. सूर्यमाळला हवा मात्र अशी की अंगातला सगळा शीण उतरतो.

संस्थेने चित्रासाठी सोमीबाईंचं घर निवडलं होतं, का, तर त्याची भिंत रस्त्यावरून दिसते. सोमीबाई पन्नाशीच्या, पाड्यातल्या लग्नांत भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाची चित्रं, लिहिणाऱ्या (तिथे चित्र काढत नाहीत, लिहितात). त्यांनी कारवीच्या कुडावर शेणमाती लिंपून, वर गेरू देऊन भिंत तयार ठेवली होती. संयोजक मुंबईचे. त्यांनी पिशवीतून एक छापील नमुना काढला. बर्फ वितळतोय आणि त्यावर पांढरं अस्वल उभं आहे.

सोमीबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. “ह्ये जनावर कुठलं?”

“लांबचं. बर्फातलं,” संयोजक म्हणाले. “पृथ्वी तापतेय, म्हणून त्याचं घर वितळतंय.”

“मी पायलं नाय त्याला. चालतं कसं, बसतं कसं, काय ठावं? न पायलेलं भिंतीवर कसं लिवू?”

“बरं, मग तुम्हाला माहीत असलेलं काहीतरी काढा,” असं म्हणून ते मंडपाच्या मागे लागले. मी मात्र तिथेच बसले. सोमीबाईंनी तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं आणि डोंगर काढला. डोंगराच्या पोटात झरा, झऱ्यापासून पाड्यापर्यंत वाट. असे तीन झरे, तीन वाटा, एकीखाली एक. पहिल्या वाटेवर एक सपाट दगड आणि त्यावर हंडा उतरवणारी बाई. दुसरीवर असे दोन दगड. तिसरीवर चार.

“ह्ये इसावे,” त्या म्हणाल्या. डोक्यावरचं ओझं जिथे उतरवायचं ती जागा म्हणजे विसावा. वाट किती लांब, हे तिथल्या बायका विसाव्यांत सांगतात. “माझी आय येक इसावा घेऊन पानी आनायची. मी दोन. माझी पोर आता चार घेते. वरचा झरा आटला, मंग मधला आटला, आता पार खाली जायला लागतं.”

“पाऊस कमी झाला का?”

“पडतो बाय, पन घाईत पडतो. धो धो येतो नि उतरून जातो. डोंगराला प्यायलाच देत नाय.”

दुपारी जनरेटर लावून संयोजकांनी भाषण केलं. पडद्यावर आलेख होते आणि त्यातून निघालं ते हेच, की पाऊस थोड्या दिवसांत जास्त पडतो आणि जमिनीत मुरत नाही. ऐकणाऱ्या बाया जांभया देत होत्या. त्याच बाया संध्याकाळी भिंतीपुढे गोळा झाल्या. सोमीबाई काडी टेकवून एकेका विसाव्याची गोष्ट सांगत होत्या. या दगडावर मला कळा आल्या, या दगडावर माझ्या पोरीचा हंडा फुटला. मध्येच एक म्हातारी ओरडली, “आमच्या पाड्याला पाच लिव!” मला वाटलं, झालं काम. नागलीची भाकर आणि उडदाचं कालवण खाऊन मी खुशीत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देणगीदार पाहुणे यायचे होते. संयोजकांनी भिंत पाहिली आणि त्यांचा चेहराच पडला. “अहो, ही पाणीटंचाई झाली! आपला विषय हवामान बदल आहे. पाहुण्यांना कळायला नको?”

एका भिंतीवरून सगळी पृथ्वी तापल्याचं सिद्ध होत नाही, एवढी अक्कल मलाही आहे. पण माणसांना सांगायला सुरुवात करायची तर या विसाव्यांपासून नाही तर कुठून? हे मी आत्ता, घरी बसून लिहितेय.

त्यांच्या गाडीत एक फ्लेक्स होता, त्याच अस्वलाचा. कारवीच्या कुडात खिळा धरत नाही, म्हणून सळईने भिंतीला भोकं पाडून तारा ओवल्या. एक भोक थेट चित्रातल्या वरच्या झऱ्यातून गेलं आणि लिंपणाची माती ढेपळली. “मॅडम, जरा ते टोक धरा,” संयोजक म्हणाले. मी धरलं. परतीची गाडी त्यांची होती.

सोमीबाई दारात उभ्या होत्या. “घर माझं हाये,” एवढंच म्हणाल्या. कुणी वळूनही पाहिलं नाही. पाहुण्यांनी अस्वलापुढे उभं राहून फोटो काढले, नारळपाणी प्यायलं आणि ते जेवायच्या आत निघून गेले.

नाशिकला येऊन महिना झाला. परवा संयोजकांची मेल आली. अहवालात ‘स्थानिक कलाकारांचा सहभाग’ दाखवायचाय, तर तुमच्याकडे त्या बाईंच्या चित्राचा फोटो असल्यास पाठवा. ‘त्या बाई’! ज्यांच्या अंगणात दोन दिवस मांडव घातला, त्यांचं नावही या माणसाला आठवत नाही. पाहुण्यांपासून झाकलेलं चित्र आता यांना छापायला हवं. मी रागाने उत्तर लिहायला घेतलं. मग कळलं, त्यातला निम्मा राग माझ्यावरच होता.

फोटो पाठवला, पण फ्लेक्स ताणतानाचा, माझ्याच कॅमेऱ्यातून दुसऱ्या एका स्वयंसेवकाने काढलेला. त्यात सळई दिसते, पडलेली माती दिसते आणि टोक धरून उभी असलेली मी दिसते. खाली ओळ लिहिली: घर सोमीबाईंचं. त्यांना न विचारता भोकं पाडणाऱ्यांत माझंही नाव छापा.