आयुधपूजेच्या दिवशी केलेली तपासणी

म्हैसूरच्या गाडीत बसलो तेव्हा मी खुशीत होतो. आमच्या गावच्या मंडळानं तिथल्या मराठी बायकांच्या शिलाई केंद्राला मशिनी दिल्या होत्या. त्या चालतात का ते बघून, मदत पुढं चालू ठेवायची का हे मी सांगायचं असं ठरलं. शाळा माझी चौथीपर्यंत, पण जन्मभर गवंड्यांवर मुकादमी केलेली. "कळवून गेलं की झाडलोट दिसते, काम दिसत नाही," असं सभेत ठणकावलं. दिवस निवडला तोही माझ्या सोयीचा. नवमीला तपासणी, दसऱ्याला हत्तीची मिरवणूक.

स्टेशनाबाहेर सगळं शहर नटलेलं. रिक्षांना केळीचे खुंट, बसच्या तोंडाला हार. इडली खाल्ली, चटणी पुन्हा मागून घेतली. बन्नीमंटपाजवळच्या गल्लीत केंद्राच्या दारात कुंकू भरलेला कोहळा फोडला होता. त्यावर पाय घसरला, बसलो खाली, धोतर लाल. आतल्या बायका हसल्या. तिथंच माझं डोकं फिरलं.

आत मशिनींना हार, भस्माचे पट्टे. चालू एकही नाही.

"काम बंद?" मी ओरडलो.

केंद्र सांभाळणाऱ्या सुलोचनाबाई पुढं आल्या. पणजोबा म्हैसूरच्या फौजेतले, घरची मराठी निम्मी कानडी झालेली. "अय्यो, या अज्जा (आजोबा), कूतकोळ्ळी (बसा). आज आयुधपूजा की! पूजा केल्यावर मशिनला हात लावायचं नाही. उद्या हार उतरवून मग सुरू."

"आमच्याकडं थापी पूजतात आणि लगेच कामाला लागतात!"

कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, "तुमच्या गावचा देव तुम्हाला भितो वाटतं!"

पुन्हा हशा. मला तो सोसला नाही. "चालवून दाखवा. नाहीतर मशिनी बंद पडल्यात असं सांगीन. मदत विसरा मग."

हसणं थांबलं. "बेडा (नको) गं," म्हातारी पुटपुटली. सुलोचनाबाईंनी मशिनला हात जोडले, गालावर मारून घेतलं, हार उतरवला. चिंधीवर शिवण घातली. मग दुसऱ्या मशिनवर. मी "पुरे" म्हणालो, तरी शेवटची चालवूनच उठल्या. बाकीच्या बायका भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या.

"झालं, अज्जा?" एवढंच सुलोचनाबाईंनी विचारलं आणि माझ्या ओंजळीत कडलेपुरी (चुरमुरे-फुटाण्यांचा प्रसाद) घातली. "उपाशी जाऊ नका."

चुकलो म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते, "टाके बरे आहेत."

मिरवणूक न बघताच परतलो. मंडळात सांगितलं, मशिनी झकास चालतात, मदत बंद करू नका. ती चालू राहिली. "तात्यांपुढं कुणाची लबाडी चालत नाही," म्हणून लोकांनी पाठ थोपटली, आणि मी थोपटून घेतली. त्या बायकांनी लबाडी केलीच नव्हती, हे तेव्हा बोललो नाही. आता लिहितोय. पुढं जो जाईल त्यानं आधी विचारावं, "बाई, कधी येऊ?" आणि तिथं माझं नाव काढू नये.